शेरूचं दिवाळीचं ताट

हसू नका रे, कुत्र्याले जेवू घालता घालता माझा जीव चालला आहे.

मागच्या दिवाळीत आमच्या शेरूनं किसमिसवाल्या करंज्या चोरून खाल्ल्या अन् त्याले सलाइन लावावं लागलं. किसमिस कुत्र्याले जहर असते, असं गुरांचा डॉक्टर बोलला. म्हणून औंदा सूनबाईनं त्याचं वेगळं ताट सजवलं. उकडलेलं कोहळं, बिनामिठाचे मुरमुरे, गाजराचे काप, बाजूला झेंडूचं फूल. शेरूनं ताट हुंगलं, तोंड फिरवलं अन् करंजीच्या डब्यापाशी जाऊन बसला.

"मामाजी, हा हात नाही लावून राहिला! पुन्हा करंजी चोरते पाहा!" सून रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "बाई, तू प्रेमानं देऊन राहिली, तिथंच चुकते. त्याले चोरल्याशिवाय गोड लागत नाही."

मी ताटावर टोपली झाकली, काठी आपटली अन् ओरडलो, "खबरदार! पाहुण्यांचं आहे!" मग मुद्दाम पाठ फिरवली. शेरूनं टोपली पाडून ताट चाटूनपुसून साफ केलं. घरभर माझी वाहवा झाली.

तेव्हापासून तो साधा दूधभातही सरळ खात नाही. रोज सकाळ-संध्याकाळ सून हाक मारते, "मामाजी, भात झाकला, या ओरडाले!"

काल मले ताप होता. माझी बुढी म्हणते, "अजी, उठू नका. झोपूनच ओरडा, पण जोरानं ओरडा. भुकेला आहे तो!"