अडवून ठेवलेला शेवट

मुलगी : आई, आज तिसरा दिवस. तिकडे सदतीस गाणारे ताटकळलेत आणि तुझं गाणं अधांतरी. शेवटचं पान कुठंय?

आई : होईल गं. शेवट अजून जुळत नाहीये.

मुलगी : दोन तासांत कार्यशाळा संपतेय. साडेचारला माझी गाडी आहे.

आई : माहितेय. आल्यापासून पाचव्यांदा सांगतेयस.

मुलगी : मग त्यांना काय सांगू? तोंड उघडं ठेवून थांबा?

आई : सांग, एक दिवस वाढला म्हणून.

पियानोवाले : (दारातून) बाई, शेवटची ओळ सावकाशच वाजवायची ना? गेल्या महिन्यात बसवली होती तशी?

मुलगी : कुठली शेवटची ओळ, काका?

पियानोवाले : ही काय, वहीतच आहे माझ्या... अरे देवा. दाखवू नका म्हणाल्या होत्या. माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! हे पान इथं ठेवतो, मी निघतो.

मुलगी : गेल्या महिन्यात? तीन दिवस मी लोकांची माफी मागतेय, आई!

आई : पान हातात पडलं की तू बॅग उचलणार. सात वर्षांनी आलीस, तीही संस्थेचं पत्र गेलं म्हणून.

मुलगी : ते पत्र तू पाठवायला लावलंस?

आई : आईनं बोलावलं की तुला वेळ नसतो. समूहगानाची पाहुणी कंडक्टर म्हणून बोलावलं, लगेच हो म्हणालीस. उतरलीस मात्र हॉटेलात. तुझी खोली रोज झाडते मी.

मुलगी : ‘दुसऱ्यानं गाणं करायचं आणि आपण हात हलवायचे, हे काय काम?’ कोण म्हणालं होतं?

आई : मीच. जीभ झडली नाही तेव्हा. परवा तू हात उचललास आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. बारा वर्षं शिकवतेय त्यांना, मला नाही जमलं ते.

मुलगी : हे फोनवर सांगता आलं असतं.

आई : समोर बसूनही तीन दिवस लागले. फोनवर कुठलं जमतंय?

मुलगी : बघू ते पान. हे काय, शेवटच्या सुराला मात्राच लिहिल्या नाहीत? किती वेळ धरायचा?

आई : तू हात खाली करशील तोवर.

मुलगी : दम पुरायचा नाही कुणाचा.

आई : घेतील आळीपाळीनं श्वास. तू हात वर ठेव.