गोळ्यांनी आलेलं बाळसं

सासुरवाडीत माझी अब्रू काही महिने डॉक्टरांच्या गोळ्यांवर टिकून होती, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

अकोल्याला असताना माझ्या बायकोचे, सुमनचे, सांधे सुजले. सकाळी तिची मूठ मिटत नसे. डॉक्टरांनी तेव्हा नव्यानेच निघालेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, पण चेहरा पुरीसारखा फुगला. अशात अचलपूरहून तिचा भाऊ आला.

"जवाईबापू, बहीण सुखात ठेवली तुमी."

ही गोळ्यांची सूज आहे, असं मी सांगितलं. त्याला तो माझा विनय वाटला.

पुढे डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला आणि गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. चेहरा पूर्ववत झाला. सुमन स्वतःची वेणी स्वतः घालू लागली, आणि भाऊ पुन्हा आला.

"इचा चेहरा काहून उतरला? खायले देत नाही का तुमी?"

"दादा, मी बरी झाली," सुमन म्हणाली.

"तू त्याइची बाजू घेऊ नको. पिशवी भर."

तो तिला घेऊनच गेला. महिन्याभराने त्याचं पत्र आलं.

"रोज दूध-तूप देऊन राहिलो, पण इच्या अंगी काही लागत नाही. तुमी पहिले काय खाऊ घालत होते, ते कळवा."