बिनविरोध अध्यक्ष

नाय नाय, तुमीच सांगा मंडळी, ज्या माणसाची जीभ साऱ्या मुरबाड तालुक्याला ठाऊक, त्यालाच उचलून खुर्चीत बसवायचं आणि वर सांगायचं, आता तोंड उघडायचं नाय... ह्याला सुधारणा म्हणतात? अहो, ह्याला तोंडात बोळा कोंबणं म्हणतात!

तुम्हाला सांगतो, आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. आळ्या दोन, वरची न् खालची. विहिरी पण दोन. आमची वरची विहीर चैत्रात तळ दाखवते, मग टँकर येतो, आणि तो रिकामा होतो कुठं? खालच्या विहिरीत! का? तर आजवर तिथंच होतो म्हणून! आमच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन ती चढण चढतात, त्यात आमची वेणू पण. म्हंजे आमचं कुटुंब. ती ह्या वर्षी मला बोलली, "इतकी वर्षं गावकीत बडबडता, एकदा टँकर वर आणून दाखवा. नायतर पाणी तुमी भरा!"

गावकी म्हंजे गावची बैठक हो, मारुतीच्या देवळापुढं. रविवारी सकाळी नऊला बसते न् दुपारच्या भाकऱ्या वाळल्या तरी उठत नाय. लोक बोलतात, गोमाशेठमुळं, म्हंजे माझ्यामुळं. आता मी मुद्दा समजावून सांगतो, मुद्द्याला इतिहास असतो, इतिहासात माझे आजोबा असतात... वेळ लागणारच ना!

तर खालच्या आळीचा म्होरक्या धाऊ पाटील, त्याची सून प्रियांका. पोरगी हुशार, शहापूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ती उठली न् बोलली, "संसदेचे नियम सुधारा म्हणून दिल्लीत चर्चा होते, मग आपली गावकीच का मागं? अध्यक्ष निवडा, गणपूर्ती मोजा, मतदान घ्या!" मी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी, लिहून ठेवा! लगेच धाऊ बोलतो, आवाजात नुसता गूळ, "अध्यक्ष आमचे गोमाशेठ! त्यांच्याएवढा अनुभव कुणाला?" बिनविरोध! खालच्या आळीचे पण सगळे हात वर! मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटतंय आता. दिल्लीत म्हणे दोन्हीकडचे पुढारी नव्या अध्यक्षाला खुर्चीपर्यंत नेऊन बसवतात. आमच्याकडं असं दोघांनी दंड धरून नेलं की बघणारा विचारतो, सकाळीच घेतली काय? पण मी गेलो! प्लास्टिकच्या खुर्चीत ऐटीत बसलो! गणपूर्तीची, म्हंजे पुरेशी माणसं जमवायची घंटा म्हणून देवळाची घंटा वाजवली, तर मालूआजी आरतीचं ताट घेऊन हजर. तिला पण मोजली.

पहिलाच ठराव टँकरचा. मी घसा खाकरला, हात वर केला, "माझे आजोबा..." तर प्रियांका गोड आवाजात, "काका, अध्यक्ष निःपक्ष असतात. अध्यक्षांनी बोलायचं नसतं."

म्हंजे? अहो म्हंजे काय? लग्न माझं न् मीच मांडवाबाहेर?

धाऊ उभा राहिला. "वरच्या आळीच्या बायांना चढणीची सवय हाय, तब्येती ठणठणीत ऱ्हातात." तब्येती!! मी उसळलो, "खोटारड्या..." "काका, अध्यक्षांनी बोलायचं नसतं." मग मी बोलायचं काय? तर "शांतता राखा", "बसून घ्या", "सन्माननीय सदस्य धाऊ पाटील"... सन्माननीय! ज्याच्या म्हशीनं माझी वांगी खाल्ली, तो सन्माननीय! आमच्या बाजूनं उरला कोण, तर माझा चुलतभाऊ गोजर. हा उठला, टोपी काढली, टोपी घातली, बोलला, "टँकर... वर... आला तर बरा." न् बसला! संपलं भाषण!

मतं पडली. खाली एकतीस, वर तीस. मी बोललो, अरे माझं मत? तर नियम असा, दोन्हीकडं सारखी मतं पडली तरच अध्यक्षानं मत द्यायचं. आता बघा हां, मतं सारखी व्हायला माझं मत पायजे, न् मला मत मिळायला मतं सारखी पायजेत! डोकं गरगरलं माझं. खरं सांगतो, वेणूकडं बघायची हिंमत झाली नाय. तिनं नुसता हंडा दारात आणून ठेवला.

पण बाई सातवी शिकलेली आहे, मंडळी! प्रियांकाकडून नियमांचं पुस्तक आणलं, चुलीपुढं बसून वाचलं न् ओरडली, "अवो, सापडलं!" काय सापडलं? तर अध्यक्षाला हटवायचा ठराव आला की तो खुर्चीतून उतरतो, आणि मग त्याला बोलता येतं, मत पण देता येतं! फक्त चौदा दिवस आधी नोटीस. दिली तिनं नोटीस! बायको मला हटवणार म्हणून अंगणात नाचणारा मी पहिलाच नवरा असेन. चौदा दिवस पाणी भरलं, चौदा दिवस भाषण पाठ केलं.

तो रविवार उजाडला. खुर्चीत गोजर. मी सव्वानऊला उभा राहिलो, आजोबांपासून सुरुवात केली. साडेदहाला आजोबांचं लग्न झालं. बाराला बहात्तरच्या दुष्काळात पोचलो. गोजर घंटा बडवतोय, मी थांबतो कशाला? चौदा दिवसांचं आत तुंबलेलं! मालूआजी खांबाला टेकून घोरायला लागली. एक वाजला न् धाऊ हात जोडून उठला, "टँकर एकाआड एक दिवस वर न्या! आत्ता लिहून घ्या! पण ह्यांना परत खुर्चीत बसवा!"

एका आवाजात मंजूर! जिंकलो की हो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, वरच्या आळीच्या बाया हसत होत्या, किती वर्षांनी!

मग मला हटवायचा ठराव मताला टाकला. बाजूनं हात किती? एक. माझा! ठराव मांडला वेणूनं, न् तिचाच हात खाली! वाटेत विचारलं, असं का गो? तर बोलते, "टँकर मिळाला ना? मग आता चांगला अध्यक्ष कशाला हटवायचा?"

काल जेवायला बसलो. आमटीत मीठ नाय. बोलायला तोंड उघडलं, तर तिनं वाटी पुढं सरकवली न् बोलली, "अध्यक्ष महोदय, जेवून घ्या."

जेवलो मंडळी... अळणी.