पिवळी सोडून कोणतीही

नाय नाय शेठ, ती गुंडाळा, गुंडाळा — पिवळी सोडून कोणतीही दाखवा म्हणलं ना मी? लाल दाखवा, हिरवी दाखवा, मोरपंखी, वांगी, काय असंल ते — कळतंय मला, मामाची साडी पिवळीच असते, हळदीची, मीच तर मामा हाय! ज्योत्स्नाचा मामा. पुढच्या महिन्यात लग्न हाय तिचं, सटाण्याला, बहिणीची एकुलती एक पोरगी. हसतोय म्हणून बघता काय असं? आज मी रस्त्यानं हसतच आलो, एक रिक्षावाला म्हणला, काका, लॉटरी लागली का? म्हणलं लागली बाबा, लागली! पाणी द्या जरा. बसतो. तुम्हीपण बसा हो, एवढ्या उन्हात दुसरं गिऱ्हाईक कुठंय.

पिवळी का नको ते सांगतो. मी पेंटर. हिरामण पेंटर म्हणलं की सटाण्यात कुणीपण घर दाखवील — ट्रकच्या मागची नावं, दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या — आता ते फ्लेक्स आलं, जाऊ द्या ते. तर दोन वर्षांमागं माझ्या रक्तात आजार निघाला. मोठा. अहो सरकू नका, लागणारा नाय तो! रक्ताचा कॅन्सर म्हणतात तो. कंबरेच्या हाडात सुई घालून आतला रस काढला, मुंबईला. तपासणीला मीनाबाई म्हणून एक होत्या, पोरगीच, आमच्या ज्योत्स्नापेक्षा थोडी मोठी. म्हणलं, बाई, मला दाखवाच. माझ्या आतलं काय ते मी बघणार. तिला दया आली असंल, नेलं अंधाऱ्या खोलीत, मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. शेठ, काय सांगू! काळ्याभोर रात्री निळे निळे गोल, त्या म्हंजे माझ्या पेशी, अन् प्रत्येक गोलात ठिपके, लाल अन् हिरवे, चमकणारे. म्हणली, आम्ही चकाकणारा रंग लावलेले धागे आत सोडतो, ते आपापली जागा हुडकून बरोब्बर चिकटतात, लाल लालच्या जागी, हिरवा हिरव्याच्या. चांगल्या पेशीत ते लांब लांब राहतात. पण तुमच्यात एका जागचा तुकडा तुटून दुसऱ्याला जोडला गेलाय — म्हणून लालवर हिरवा आलाय, तो बघा, पिवळा ठिपका. तोच तुमचा आजार.

मी भांडलो की तिच्याशी! म्हणलं, बाई, तीस वर्षं डबे ढवळतोय, लालात हिरवा घातला की मातकट होतो, शेणागत. पिवळा कुठनं येईल? यंत्र बिघडलंय तुमचं, मला कायबी झालेलं नाय. लय हसली. म्हणली, काका, हा डब्यातला रंग नाय, हा उजेड हाय, उजेडाचं गणित वेगळं. पटतंय होय मला! घरी आलो, दोन बॅटऱ्या घेतल्या, एकीला लाल जिलेटिन कागद, एकीला हिरवा, अन् मारल्या भिंतीवर — पिवळा! पिवळाधमक! आमच्या कमळाबाई, म्हंजे मिसेस, भाकरी टाकता टाकता म्हणाल्या, अगंबाई, किती छान दिसतंय. मी झटक्यात दोन्ही बंद केल्या.

तेव्हापासून पिवळा नको वाटतो. एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं पिवळी पाटी सांगितली तर मी त्याला निळी करून दिली, अजून बोलत नाय तो माझ्याशी. पण आज, शेठ, आज! सकाळी इथल्या डॉक्टरांनी बोलावलं, म्हणाले, हिरामण, मुंबईचा रिपोर्ट आला. नवीन गोळी लागू पडली. शेकडो पेशी बघितल्या त्यांनी, एकीतपण पिवळा नाय! लाल वेगळा, हिरवा वेगळा! गोळी रोज घ्यायची, तपासण्या चालू ठेवायच्या, उड्या मारू नका म्हणाले — मी मारली, त्यांच्यासमोरच मारली, वजनकाट्याला पाय लागला.

बहिणीला? नाय, कुणालाच सांगितलं नाय. कमळाबाई सोडून कुणालाच. बहीण विचारायची, तुले काय व्हयनं रे भाऊ, वाळत का चाललास? म्हणायचो, मुंबईला बोर्ड रंगवायची कामं मिळतात, तिथलं जेवण सोसत नाय. काय सांगू तिला? मेव्हणे गेल्यापासून माझ्याच तोंडाकडं बघते ती. अन् लग्नाला जायचंच बंद केलं होतं मी. भटजी माईकवर म्हणतात ना, मुलीच्या मामांनी मुलीला लवकर घेऊन यावं — ते ऐकलं की मी चपला हुडकायला लागायचो. ज्योत्स्नाच्या लग्नात असं म्हणतील अन् कुणीच उठणार नाय. मांडव माझ्या जागेकडं बघत बसंल. लय भ्यायचो हो मी. मरायला नाय एवढा, त्याला भ्यायचो.

म्हणून तर ती आधीच घेऊन ठेवली. — पिवळी साडी हो. आजार कळला त्याच आठवड्यात. इथनंच, तुमच्याच दुकानातनं, तुम्ही नव्हता त्या दिवशी, ज्योत्स्ना कॉलेजात होती तेव्हा. ट्रंकेत खाली ठेवलीय, कडुनिंबाचा पाला घालून. कमळाबाईंना सांगून ठेवलं होतं, मी नसलो तरी मामाची साडी मांडवात पोचली पाहिजे. दोन वर्षं त्या रोज सकाळी ट्रंकेकडं बघत नायत अन् मीपण बघत नाय.

हां, बरोबर बोलताय, घरात साडी असताना दुसरी कशाला. तीच दिली तर चालंल, कुणाला कळणार नाय. पण शेठ, ती मेलेल्या मामाची हाय. ती पोरीच्या अंगावर नाय घालणार मी. सुती हाय ना, मऊ — ब्रश पुसायला बोळे करतो तिचे! कमळाबाई ओरडतील, ओरडू द्या. लय दिवस झाले त्या ओरडल्या नायत.

हिरवी? ही हिरवी छानच हाय… नाय. थांबा. बाजूला ठेवा ती. हळदीला बसलेली पोर हिरवी कशी दिसंल, काय बोलतोय मी सकाळपासून! काढा परत ती मघाची. पिवळी, पिवळी. हिच्यापेक्षा पिवळी हाय का? ट्रकवाल्याला लांबनं दिसली पाहिजे अशी? हां. उलगडा. हीच. ही जित्या मामानं आणली. पिशवी नको, काखेत घेऊन जातो, सीबीएस स्टँडवरनं सटाण्याची गाडी धरतो अन् थेट बहिणीच्या दारात. अन् भटजींनी माईक हातात घेतला ना, मुलीच्या मामांनी — नुसतं एवढंच म्हणू द्या, पुढचं म्हणायच्या आत मी उठून —

मी —

काय नाय, काय नाय शेठ. घडी घाला तुम्ही.