सुकाणू फिरतंय का बघा

फादर, पाचूबंदरची मंडळी, आमच्या अर्नाळ्याहून आलेले सगळे, आणि फिलू, पोरी...

मला बोलायला उभं केलंत खरं, पण पास्कलबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही हो. उभा जन्म मी त्याला शिव्या घातल्या. आता तो समोर फोटोत हसतोय. जरा सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी गजानन, अर्नाळ्याचा. पास्कल इथला. दोघंही लाकडी होड्या करायचो. खेळण्यातल्या, हातभर लांब. आधी जत्रेत पोरं घ्यायची. मग मोठी माणसं घ्यायला लागली, जमवून कपाटात मांडायला. छंद त्यांचा, पोट आमचं.

पहिल्याच जत्रेत यानं काय करावं? घमेल्यात पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "गजा, तुजी होडी पान्यात सोड!" सोडली. ती आडवी झाली. त्याची उभी! सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. पण पुढच्या जत्रेला माझ्या होडीच्या तळाशी शिसं होतं, आणि ती त्याच्यापेक्षा सरळ उभी राहिली. मग त्यानं फिरणारं सुकाणू केलं. मग मी हातानं विणलेलं जाळं दिलं. मग त्यानं डोलकाठी अशी बसवली की आडवी पाडता येते. मेल्यानं एका सणाला मला निवांत बसू दिलं नाही!

मुलगा म्हणायचा, "बाबा, पुरे झालं, मनवेलपाड्याला आमच्याकडे राहायला या." कसा जाणार? पास्कलची नवी होडी आली की माझी लगेच जुनी दिसायची. आता तर लोक मोबाइलवर दोघांचे फोटो शेजारी ठेवून निवडतात. अडकलो होतो मी. त्यानं अडकवलं होतं मला.

मधे एक व्यापारी आला. म्हणाला, भांडता कशाला? शिडाच्या होड्या गजाननने कराव्यात, इंजिनाच्या पास्कलने. भाव एकच ठेवा. आम्ही माना डोलावल्या. आणि काय सुख, अहाहा! त्या वर्षी मी जाळं विणलंच नाही, बाजारातली जाळी चिकटवून दिली. जाणार कुठे गिऱ्हाईक? दुसरा होताच कोण? आणि पास्कल? एक दिवस चंदनसारची एक मुलगी त्याची होडी परत घेऊन आली. म्हणाली, "अंकल, हे सुकाणू फिरतच नाही. नुसतं चिकटवलंय."

तो तडक माझ्याकडे आला. दारातूनच म्हणाला, "गजा, आपन दोगं आलशी झालो. आजपासून तह मोडला." मी म्हटलं, "मोडला." चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

म्हणून सांगतो, बाजार मोकळा हवा. गिऱ्हाइकाला इथून उठून तिथे जाता आलं पाहिजे. तुम्ही मला चांगला कारागीर म्हणता ना? नाही हो. मी घाबरलेला कारागीर होतो. पास्कलला घाबरलेला.

आज सकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली, आणि या फिलूनं, त्याच्या लेकीनं, कारखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "गजाकाका, पप्पांचे फर्मे, होड्यांचे सगळे साचे, तुम्हीच घ्या. मला एकटीला नाही झेपणार." तेव्हापासून ही किल्ली खिशात आहे आणि माझा जीव गुदमरतोय. घेतली, तर या किनाऱ्यावर मी एकटा. मी मला ओळखतो. पुढच्या वर्षी सुकाणू चिकटवायला लागेन. नाही घेतली, तर तुम्हीच म्हणाल, म्हाताऱ्यानं पास्कलच्या पोरीला वाऱ्यावर सोडलं. इकडे आड, तिकडे विहीर. पास्कल, मेल्या, जाता जातासुद्धा अडकवलंस ना मला?

पण फिलू, ऐक. तुझ्या पप्पाची एकूण एक होडी मी विकत घेतलीय. दुसऱ्याला पाठवून, गुपचूप. खोलून बघायला. हल्ली त्याचा हात थरथरायचा, ते सगळ्या गावाला माहीत आहे. आणि सुकाणू मात्र आणखीच अलगद फिरायला लागलं. कुणाचा हात होता तो? मला हरवणारा? मान खाली घालू नकोस. बोल.

हं, 'माझा' म्हणालीस. कळलं सगळ्यांना.

ही घे तुझी किल्ली. सगळ्यांदेखत देतो, म्हणजे परत आणायची सोय नाही. लाकूड मिळेना, गिऱ्हाईक सापडेना, तर मला विचार, सांगेन. होडी कशी करायची ते नाही सांगणार. आणि मी डोलकाठीवर पेटणारा दिवा लावतोय. ती होडी नारळी पौर्णिमेला बाजारात काढतो. बघ बाई तुझं तू.

मृतात्म्याला शांती मिळो म्हणायची रीत आहे. पास्कल तिथेही कुणाला शांत बसू देणार नाही, पण रीत ती रीत. चला, दोन मिनिटं उभे राहू या. दोनच. तिसऱ्या मिनिटाला, फिलू, तू जा आणि कारखान्याचं कुलूप काढ.

मला भीती वाटली पाहिजे गं, पोरी.