आपण घरी बोलू

पालकसभेला वर्गाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी निर्वासित मुलांच्या वसतिगृहातल्या दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, बाईंसमोर कान पिळू नकोस हं."

"का? आपल्याकडे आई पिळायचीच की."

"इथल्या आया नाही पिळत. 'आपण घरी बोलू' म्हणतात."

"आणि घरी?"

"बोलतात."

"नुसतंच? मग पोरं सुधारतात कशी?"

"बाईंनी वय विचारलं तर?"

"सोळाच सांगीन. पण तोंड चाळिशीचं करीन. हे बघ."

"शी! रडकं दिसतंय."

"पालक असेच दिसतात. शेजारी बघ."

मी घाईघाईने तोंड सरळ केलं.

"ताई, मी गणितात नापास झालेय."

"काय? ...बरं. आपण घरी बोलू."

"नुसतंच?"

"तूच म्हणालीस ना, पिळू नकोस?"

"इथे नको म्हटलं. घरी पीळ. आईसारखा, डावा."