कायद्याची पाटी

आमचे वडील साताऱ्याकडून इथे हिंदी मुलखात, पिपलानीला कारखान्यात फिटर म्हणून आले, क्वार्टर मिळालं, माझा जन्म तिथलाच, पण मला काही कारखाना लाभला नाही. माझा हात अक्षराला बरा, म्हणून मी पेंटर झालो. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या निम्म्या पाट्या कायद्याच्या. म्हणजे कसं, फॅक्टरीला फाटकावर कामगार कायदा थोडक्यात हिंदीत लिहून लावावा लागतो, कामाचे तास, सुट्टी, ओव्हरटाइम, ते सगळं मीच रंगवायचो. शिडीवर चढून, उंचावर, बारीक लिहायचं, मालकांना तेच आवडायचं. वाचतंय कोण? मीसुद्धा कधी वाचलं नाही, नुसतं उतरवलं.

मग कामगारांचे नवे कायदे आले. माझी सून वंदना आठ वर्षं जिथे डबे पॅक करते, त्याच फॅक्टरीतून बोलावणं आलं, पेंटरबाबू, पुराना साफ करो, नया लिखो. नाव नाही घेत मी फॅक्टरीचं, तिला तिथे रोज जायचंय. तर जुनं सगळं मी पॉलिशपेपरने घासून काढलं, मॅनेजरने दिलेला कागद बघून लिहायला लागलो आणि चौथ्या ओळीला हात थांबला. हर कर्मचारी को नियुक्ति-पत्र दिया जाएगा. वंदनाकडे तर आठ वर्षांत साधा चिटोरा नाही. बँकेत कुणी विचारलं, कामाला कुठे आहात, पुरावा काय, तर बिचारी तशीच परत येते.

ती ओळ मी मोठी लिहिली, लाल रंगात, आणि पाटी खाली, डोळ्यांसमोर ठोकली. मॅनेजर म्हणाला, अरे, इतना बड़ा, इतना नीचे? मी म्हटलं, साहब, नज़र कमज़ोर हो गई, सीढ़ी भी टूटी है. खोटं बोललो, हो, बोललो.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर बायका तिथे थांबल्या, एकीने मोठ्याने वाचलं, आणि वंदनाला पुढे करून सगळ्या ऑफिसात गेल्या. मला वाटलं, गेली हिची नोकरी, माझ्यामुळे गेली. फार भ्यालो मी.

नाही गेली. महिन्याभराने सगळ्यांना पत्रं मिळाली. वंदनाने पाया पडून तिचं पत्र माझ्या हातात दिलं. चष्मा लावून वाचलं, नाव बरोबर, काम बरोबर, आणि रुजू झाल्याची तारीख त्याच आठवड्याची. आठ वर्षं कुठेच नाहीत. मी जुनी पाटी घासली, तशी घासून टाकलेली. फार वाईट वाटलं हो.

ती म्हणाली, ठाऊक आहे बाबा, मी पाहिलं, पण इथून पुढचं तरी आता कुणी पुसणार नाही ना? मी म्हटलं, नाही बाळा, सुखी राहा. ऑइलपेंटचं पक्कं अक्षरसुद्धा कसं निघतं ते मला माहीत आहे, पण तिला नाही सांगितलं.